दीडची वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. तांब्याची, लाल वेष्टनाची, दीड चौरस मिलिमीटर जाडीची. वय सांगण्याआधी मी माझी जाडी सांगते, याचे नवल वाटून घेऊ नका. आमच्या कुळात ओळख जाडीनेच होते. वायरमन मंडळी मला 'दीडची' म्हणतात, आणि या एका शब्दात मी किती वीज वाहू शकते, कशाला चालते आणि कशाला चालत नाही, हे सगळे आले. ज्या घरात हा शब्द ठाऊक असूनही त्याचा मान राखला गेला नाही, त्या घराची ही हकीकत आहे. ती मी एकदाच सांगणार आहे. तेव्हा चुळबूळ न करता ऐका.

माझा जन्म सुखाचा नव्हता. तांब्याची बोटाएवढी जाड सळई कारखान्यात एकामागून एक अशा लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढली गेली. दर छिद्रागणिक मी बारीक होत गेले आणि लांब होत गेले. मग तशा अनेक बारीक तारांना एकत्र पीळ दिला, वर वितळलेल्या प्लास्टिकचे लाल वेष्टन चढवले, पाण्यातून गार करून काढले आणि मोजून नव्वद मीटरचे वेटोळे बांधले. वेष्टनाला कुठे भोक नाही, याची परीक्षा झाली. त्या परीक्षेत मी पहिल्या झटक्यात उतरले, हे सांगताना मला आजही मान खाली घालावी लागत नाही.

दुकानातल्या फळीवर माझ्या शेजारी अडीचची होती, तिच्यापलीकडे चारची, आणि जड म्हणून खाली जमिनीवर ठेवलेली सहाची. चारचीला आपल्या अंगाचा फार तोरा. "पाणी तापवायचे यंत्र माझ्यावाचून चालत नाही," असे ती येताजाता ऐकवी. मी मनातल्या मनात कुढत असे. ज्याच्यावर जास्त भार, तो मोठा, असे मला तेव्हा वाटे. हा माझा पहिला गैरसमज, आणि तो मी पुढे फार वर्षे उराशी बाळगला.

एके दिवशी दुकानात एक वायरमन आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"कुणाचं काम काढलंत?" दुकानदाराने विचारले.

"माझं स्वतःचं. घर बांधलंय."

"मग घरचंच काम की. एकची घ्या, स्वस्तात होईल. तुम्हाला कोण तपासायला येणार?"

"घरचं आहे म्हणूनच नको," वायरमन म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या घरात चूक झाली तर दोन शिव्या खाऊन सुटतो माणूस. बायकोच्या घरात झाली तर जेवण कुठे करायचं?"

दुकानदार हसला. वायरमनने कागद उलगडला. त्यावर घराची प्रत्येक खोली काढलेली होती, आणि प्रत्येक खोलीखाली काय काय लागणार याची यादी. दिवा किती वॅटचा, पंखा किती वॅटचा, असे मांडून त्याने बेरीज केली होती. बेरजेला विजेच्या दाबाने, म्हणजे दोनशे तीसने, भागले की किती अँपिअर वीज वाहणार ते कळते. त्यावर त्याने थोडे पुढच्या काळासाठी वाढवून धरले होते. वायर किती लांब जाणार, एका नळीत किती वायरी बसणार, भिंतीच्या आत असल्याने उष्णता कशी कोंडणार, हेही त्याने टिपले होते. स्वयंपाकघरासाठी त्याने अडीचची घेतली. पुढच्या खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि रेडिओपुरता एक सॉकेट होता. तिथे त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, "इथे दीडची." अशी माझी निवड झाली. मित्रांनो, मुलीला स्थळ पाहताना जेवढी चौकशी होत नाही, तेवढी चौकशी करून मला त्या घरात नेले गेले.

वायरमनने भिंतीत खाच पाडून नळी बसवली, मला आत ओढले आणि वरून गिलावा त्याने स्वतःच्या हाताने असा केला की, आत वायर आहे हे हात फिरवूनही कळू नये. त्याची बायको शिवणकाम करीत असे. सगळी गल्ली तिला 'बाई' म्हणे. ती दारात उभी राहून पाहत होती.

"इस्त्री लावायची झाली तर कुठे लावू?" तिने विचारले.

"स्वयंपाकघरात. इथे नाही. इथे लावायची वेळ आली तर मला सांग, वेगळी जाड वायर ओढून देतो."

"एवढी भिंत लिंपलीत, परत फोडणार?"

"फोडेन की. भिंत आपलीच आहे."

मग त्याने तिला फ्यूज दाखवला. पांढऱ्या चिनी मातीच्या खाचेत केसाएवढी बारीक तार ताणलेली होती. तो म्हणाला, "वीज गेली तर मला शोधत गल्लीभर फिरू नकोस. मेन स्विच बंद कर, हा ओढून काढ, नवी तार लाव. पण याच जाडीची. झेपणार नाही इतका भार आला की हिने आधी तुटायचं, म्हणजे भिंतीतली वाचते."

"तुटायलाच लावायची?" बाई म्हणाली. "असला दोरा मी शर्टाला वापरला तर लोक मला उघडं पाडतील."

"शर्ट वेगळा, वीज वेगळी."

"तुमचं आपलं काहीतरीच," असे म्हणून ती आत गेली. पण फ्यूज बदलायला ती शिकली, आणि चांगली शिकली.

त्यानंतरची पंचवीस वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. मी दोन दिवे उजळले, पंखा फिरवला, रेडिओ वाजवला. माझे अंग कधी कोमटसुद्धा झाले नाही. त्या घरात एक मुलगी झाली. ती बापाच्या हत्यारांच्या पेटीवर बसून वायर सोलायला शिकली आणि पुढे त्याच धंद्यात पडली. मोठ्या इमारतींत वायरिंग करणाऱ्या कंपनीत तिला काम लागले, लग्न होऊन ती दुसऱ्या वस्तीत राहायला गेली. गल्लीतल्या बहुतेक घरांचे वायरिंग वायरमननेच केले होते. "त्याचा हात लागला की पुन्हा बघायला नको," असे लोक म्हणत. हे बोलणे भिंतीतून माझ्याही कानी येई आणि त्यातला माझा वाटा मी मुकाट्याने उचलून घेई.

मग वायरमनला छातीचे दुखणे जडले आणि तो गेला. त्या दिवसांत पुढच्या खोलीतला दिवा तेरा दिवस विझला नाही. बाई त्याखाली बसून असे. कुणी समजावायला आले की म्हणे, "मला काही होत नाही. तुम्ही तुमचं काम पाहा."

घर चालवायचे होते. बाईने शिवणकाम मागच्या पडवीतून उचलून पुढच्या खोलीत आणले. गिऱ्हाईक दारातच आले की बरे, हा तिचा विचार. दोन बायका मशिनवर ठेवल्या. काजे करायला तिची जुनी मैत्रीण आली. अंगाने काडी आणि जिभेने तीक्ष्ण, म्हणून तिला सगळे 'टाचणी' म्हणत. वायरमनला ती दादा म्हणायची आणि बाईला वहिनी. हाताने घातलेले तिचे काज इतके पक्के असे की, शर्ट फाटून जाई पण काज शाबूत राही. लांबून लोक केवळ तिच्या काजांसाठी कपडे घेऊन येत.

पायाने चालवायच्या मशिनांना विजेच्या मोटारी लागल्या. माझे अंग कोमट होऊ लागले. मग बाईने इस्त्री आणली, आणि स्वयंपाकघरात जायचा हेलपाटा नको म्हणून रेडिओच्या सॉकेटमध्ये लावली. त्याच दिवशी फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाला. तिसऱ्या दिवशी उडाला तेव्हा शाळेच्या गणवेशाचे काम अर्ध्यावर होते.

"वहिनी, तुझा फ्यूज म्हणजे घरजावई," टाचणी म्हणाली. "कामाचं नाव काढलं की निजला."

सगळ्या हसल्या. बाई हसली नाही. ती बोर्डापाशी गेली, मेन स्विच बंद केला, फ्यूज ओढून काढला. तिच्या हातात बारीक तारेचे रीळ होते. तिने तार कापली, आणि मग थांबली. बटण लावताना दोरा एकेरी घेत नाहीत. सुईत ओवून दुहेरी करतात, म्हणजे टिकतो. चाळीस वर्षे तिची बोटे हेच करीत आली होती. तिने तारही तशीच दुमडली, पीळ दिला आणि बसवली.

फ्यूज पुन्हा उडाला नाही.

मित्रांनो, त्या क्षणी काय झाले ते नीट समजून घ्या. फ्यूज म्हणजे माझा आवाज होता. मला झेपत नाही, हे सांगायची माझी तेवढीच एक वाट होती, आणि बाईने ती शिवून टाकली. तिच्या मनात वाईट काही नव्हते. शिवण उसवू नये, एवढेच तिला आयुष्यात ठाऊक होते. आणि मी? मलाही मनातून बरेच वाटले. फळीवरची चारची मला आठवली. मीही आता मोठा भार वाहते, या घराची चूल माझ्यावर पेटते, असा अभिमान मला चढला. सोसणे म्हणजेच मोठेपण, असे मानून मी सोसत राहिले.

खुणा मात्र दिसत होत्या. इस्त्री लावली की दिवा मंद व्हायचा. सॉकेटच्या कडा आधी पिवळ्या आणि मग तपकिरी झाल्या. कधीकधी रबर जळल्यासारखा वास यायचा. बाई म्हणायची, "इस्त्री जुनी झाली." आणि नवी, अधिक वॅटची इस्त्री यायची.

मग आले कॉलरचे प्रेस. कॉलरमध्ये घालायचे कडक कापड चिकटवायचे ते यंत्र, एकटे दोन हजार वॅटचे. लेक त्या आठवड्यात आईला भेटायला आली होती. दारातून आत पाऊल टाकताच तिने आधी दिव्याकडे पाहिले.

"आई, प्रेस खाली घेतलंस की दिवा डोळा मारतो."

"त्याला काय, वयात आलाय," टाचणी म्हणाली.

लेकीने ते हसण्यावारी नेले नाही. प्रत्येक यंत्राच्या पाटीवर लिहिलेले वॅट तिने एकेक वाचले. प्रेस दोन हजार, इस्त्री हजार, मोटारी मिळून आठशे. "अडतीसशे. म्हणजे साडेसोळा अँपिअर, दिवे-पंखे सोडून. भिंतीत दीडची आहे आई. कोंडलेल्या नळीत तिनं दहा-बारा ओढले तरी पुष्कळ. मी रविवारी येते. प्रेसला चारची ओढू, मशिनांना वेगळी अडीचची."

"म्हणजे भिंत फोडणार."

"फोडावी लागेल."

"तुझ्या बाबांनी स्वतः लिंपलेली भिंत आहे ती."

"बाबांनी ही वायर दिव्यांसाठी घातली होती. प्रेससाठी नाही."

"म्हणजे त्यांचं काम कच्चं?"

"असं मी म्हटलं का? काम पक्कंच आहे. पण ते वेगळ्या घरासाठी केलं होतं. तेव्हा इथे रेडिओ वाजत होता."

"अख्खी गल्ली त्यांच्या हाताचं नाव काढते," बाई म्हणाली, "आणि पोटच्या पोरीला त्यात खोट दिसते."

लेकीने विचारले, "फ्यूज किती वेळा जातो?"

"एकदाही जात नाही."

"जात नाही? जायला हवा होता." ती बोर्डाकडे वळली. बाई उठून बोर्डापुढे उभी राहिली.

"या बोर्डाला हात लावायचा नाही. हे घर अजून माझं आहे."

लेकीने पिशवी उचलली. "आई, नुसता रविवार दे मला. एक रविवार."

"जेवून जाणार असशील तर थांब. नाहीतर उशीर होईल तुला."

ती जेवायला थांबली नाही. ती गेल्यावर बाई बराच वेळ भिंतीवर तळवा टेकून उभी होती. माझी ऊब तिच्या हाताला लागली असलीच पाहिजे. तिला ती वायरमनची वाटली की काय, कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी प्रेस चालू असताना फ्यूजची दुहेरी तारही वितळली. बाईने तिहेरी घातली.

तिसऱ्या महिन्यात ते घडले. भरदुपारची वेळ. तीनशे शर्टांच्या कॉलर संध्याकाळच्या आत प्रेस करून द्यायच्या होत्या. प्रेस तापलेले, इस्त्री तापलेली, सगळी मशिने चालू. माझे वेष्टन एव्हाना वाळलेल्या पानासारखे कडक झाले होते. छताजवळच्या वळणावर ते तडकले, मी शेजारच्या, वीज परत नेणाऱ्या काळ्या वायरीला जेमतेम टेकले आणि आमच्यामध्ये लखकन जाळ झाला. जुनी केसाएवढी तार असती, तर पापणी लवायच्या आत तुटून सगळे थांबले असते. तिहेरी तार तुटली नाही. तिने वीज पुरवली, आणि मी जळत राहिले. नळी वितळून तिथला गिलावा फुटला आणि ठिणग्या खाली कॉलरच्या कापडाच्या गठ्ठ्यावर पडल्या.

मशिनवरच्या बायका बाहेर पळाल्या. टाचणी सर्वांत जवळ होती. प्रेसची पिन ओढली की सगळे थांबेल, असे तिला वाटले. तिने उजवा हात घातला. पिन सॉकेटमध्ये वितळून बसली होती. तिचा अंगठा आणि दोन बोटे त्या वितळलेल्या प्लास्टिकला चिकटली. ती ओरडली नाही. "वहिनी," एवढेच म्हणाली. बाईने मेन स्विच बंद केला, फ्यूज हिसडून काढला, आणि मग बादल्यांवर बादल्या ओतून आग विझवली. हातातला फ्यूज केव्हा कामाच्या डगल्याच्या खिशात गेला, हे तिचे तिलाही कळले नसावे.

दुसऱ्या दिवशी वीज खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी मला भिंतीतून वीतभर बाहेर ओढले, सोलले, मोजले.

"दीडची. हिच्यावर हे प्रेस? वायरिंग कुणी केलं होतं?"

दारात जमलेल्यांपैकी कुणीतरी सांगितले, "हिच्याच नवऱ्याने. नावाजलेला वायरमन होता."

"फ्यूज कुठे आहे?"

"त्या धांदलीत कुठे पडला, ठाऊक नाही," बाई म्हणाली. तिचा हात खिशात होता.

निरीक्षकांनी वहीत काही लिहिले आणि ते गेले. पण बोलणे मागे राहिले. नावाजलेला म्हणे, आणि स्वतःच्या घरात बारीक वायर. मग आपल्या घरात काय घातले असेल? दोन घरांनी आठवडाभरात त्याचे बोर्ड उखडून टाकले. ज्याने माझ्यासाठी कागदभर बेरजा मांडल्या होत्या, त्याचे नाव गल्लीत असे उतरत गेले. मी अर्धी जळून भिंतीत पडून होते आणि सगळे ऐकत होते. खरे काय ते दोघींनाच ठाऊक होते. त्यांतल्या एकीला तोंड नव्हते, आणि दुसरी ते उघडत नव्हती.

पंधरा दिवसांनी लेक शिडीवर चढून मला भिंतीतून काढीत होती. आता तिला कुणी अडवले नव्हते. आईशी ती कामापुरतेच बोलत होती. टाचणी दवाखान्यातून परस्पर तिथे आली आणि आपल्या जुन्या स्टुलावर बसली. हाताला पट्टी होती. तितक्यात निरीक्षक अहवाल घेऊन आले. त्यांनी वाचून दाखवले, "मूळ वायरिंग करताना अपुऱ्या जाडीची वायर वापरल्यामुळे." आणि कागद सहीसाठी बाईपुढे धरला.

"साहेब," लेक शिडीवरून म्हणाली, "माझ्या बाबांनी दिव्यांच्या वायरीला पाच अँपिअरचा फ्यूज लावल्याशिवाय बोर्ड बंदच केला नसता."

"तो असता तर आग लागलीच नसती, हे मलाही कळतं. पण मला तो मिळाला नाही. तुम्ही दाखवा, मी अहवाल बदलतो."

टाचणी पट्टीकडे पाहत म्हणाली, "माझ्या घरचं काम दादानंच केलंय. काल जावई म्हणाला, सगळं उपटून टाकू." मग तिने मान वर केली. "टाकू दे का गं, वहिनी?"

बाईने पेन खाली ठेवले. खिशातून फ्यूज काढला आणि निरीक्षकांच्या हातावर ठेवला. पीळ दिलेली तिहेरी तार काळी पडली होती, पण अखंड होती.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. ते तर नको म्हणून सांगून गेले होते."

लेक शिडीवरून खाली उतरली. "आई, मी विचारलं त्या दिवशी..."

"त्या दिवशी दुहेरी होती," बाई म्हणाली. "तू गेल्यावर तिहेरी केली."

टाचणी स्टुलावरून उठली.

"म्हणजे दादाचा हात चांगला होता," ती म्हणाली. "आणि माझा तुझ्यापायी गेला."

"हो."

"बरं केलंस, सांगितलंस." ती दाराशी गेली आणि थांबली. "या हातानं काही धरवत नाही, पायरी उतरायला कुणीतरी लागतं अजून. नको, तू नको. लेकीला पाठव."

निरीक्षकांनी ओळ खोडून नवी लिहिली. बाईने सही केली. त्या आठवड्यात ती गल्लीतल्या प्रत्येक घरी गेली आणि दारात उभी राहून तेच वाक्य बोलली, "काम त्यांचं बरोबर होतं. चूक माझी." काहींनी ऐकून घेतले. काहींना ती नवऱ्याला पाठीशी घालते आहे असे वाटले. उखडलेले दोन बोर्ड पुन्हा बसले नाहीत.

लेकीने भिंत फोडली. त्याआधी तिने आईला समोर बसवून यादी करायला लावली. आज काय काय चालते, उद्या काय आणशील, एकाच वेळी काय काय लावशील. प्रेस आणि इस्त्रीसाठी चारच्या वायरी स्वतंत्र आल्या, मशिनांसाठी अडीचची, आणि प्रत्येकीला तिच्या जाडीला साजेसा, आपोआप पडणारा स्विच. माझा जळका भाग भंगारात गेला. कोपऱ्यातल्या एका दिव्याकडे जाणारा माझा साडेचार हातांचा फाटा तेवढा वेगळा होता. त्याच्यातून कधी दिव्याखेरीज काही वाहिलेच नव्हते. लेकीने तो यंत्र लावून दोनदा तपासला.

"ही बाजू चांगली आहे," ती म्हणाली. "एका दिव्यापुरती राहू दे."

बाईने मान डोलावली.

तर मित्रांनो, आता मी साडेचार हात उरले आहे आणि माझ्याकडे एकच दिवा आहे. माझे अंग पुन्हा गार असते. मोठ्या भाराचा मला आता मोह नाही. तुम्हाला मी विनवणी करीत नाही, बजावते. घरात नवे यंत्र आणाल तेव्हा आधी त्याच्या पाटीवरचे वॅट वाचा. भिंतीत कोणती वायर आहे, किती लांबून येते, तिच्यावर आधीच काय काय चालते, हे जाणत्या माणसाला विचारा. भार वाढला तर वायर बदला, पण तिचा फ्यूज जाड करू नका. फ्यूज वारंवार जात असेल तर त्याच्यावर चिडू नका. तो कुणाच्या तरी वतीने बोलतो आहे. आणि गेलेल्या माणसाचे काम जपायचे असेल, तर त्याने ते ज्यासाठी केले होते, तेवढ्याच कामाला ते लावा. त्याहून अधिक त्याच्यावर लादणे, ही भक्ती नव्हे.

टाचणी दोन महिने आली नाही. मग एक दिवस आली आणि कोपऱ्यातल्या दिव्याखाली बसली. अंगठा वळत नाही. सुई त्या हातात पुन्हा येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या दिवसापासून बाई शिवणाचे मशिन दुसरीवर सोपवून तिच्यासमोर बसते आणि हाताने काजे घालते. तिची बोटे आता म्हातारी झाली आहेत, आणि काज हे तिचे काम कधीच नव्हते. टाचणी प्रत्येक काज डाव्या हातात धरून उजेडाकडे करते, आणि म्हणते, "उसव." बाई उसवते. पुन्हा घालते. दुसरे काही बोलणे त्या दोघींत अजून होत नाही.

आज सकाळपासून सहा काजे उसवून झाली आहेत. सातवे आत्ताच टाचणीच्या हातात गेले आहे. ती ते माझ्या दिव्याजवळ आणते आहे. मला आता इकडे लक्ष द्यायला हवे. तुम्ही घरी जा, आणि जेवायला बसण्याआधी आपला बोर्ड एकदा जाणत्या माणसाकडून उघडून पाहून घ्या.